कौन्सिलातला ठराव आणि चवदार तळे

आपले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. परंतु पाणवठाच बंद असेल तर हंडा भरणार कसा? हा प्रश्न दि. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात आला. त्या दिवशी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती सभागृहाने सरकारला केलेली शिफारस असते. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तो कागदावरच राहिला. अखेर दि. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे संविधानाच्या कलम १५ ने विहिरी, तलाव, स्नानघाट यांवरील हा हक्क पक्का केला.

म्हणून आम्ही म्हणतो, सभागृहात काय संमत झाले ते जरूर वाचा. आणि ते आपल्या वस्तीपर्यंत पोहोचले का, हेही विचारा. जयभीम!