थंड बटाट्याची इटालियन कोशिंबीर

"बटाटा बंद!" हे दोन शब्द गेली तीस वर्षे मी टेबलामागून रुग्णांना ऐकवत आलो. मधुमेहाचा रिपोर्ट हातात आला की साखर बंद, भात कमी आणि बटाटा बंद, हा आमचा ठरलेला मंत्र. सांगायला सोपा, लिहायला सोपा, आणि बाहेर बसलेल्या पंचवीस रुग्णांच्या गर्दीत वेळ वाचवणारा. या मंत्राने माझ्या एका रुग्णाचा जीव जाता जाता वाचला, म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो. लेखात एक पाककृतीही आहे. आरोग्याच्या सदरात कोशिंबीर कशी, असे वाटेल. पण वाचा तर खरे.

निवृत्त शिक्षक असलेले हे गुरुजी माझे जुने रुग्ण. सांगितलेले पथ्य अक्षरशः पाळणारे. २०१९ च्या आषाढी एकादशीला दुपारी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, बोलणे असंबद्ध. साखर पाहिली तर ४६! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत शुद्धीवर आले. विचारले, "गुरुजी, सकाळपासून काय खाल्लंत?" म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साबुदाणा तुम्ही बंद केलात, बटाटाही बंद केलात. मग काय खाणार? बिनसाखरेचा चहा घेतला." आणि गोळी? "गोळी कशी चुकवेन? घेतली की!"

त्यांची गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गटातली होती. अशी गोळी घेऊन उपाशी राहणे म्हणजे संकटाला आमंत्रण. काय खाऊ नका ते मी सांगितले होते, पण काय खा आणि किती खा हे सांगायचे राहून गेले होते. चूक गुरुजींची नव्हती, माझी होती.

२०२२ मध्ये हाच मंत्र माझ्यावर उलटला. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ निघाली आणि सौभाग्यवतींनी त्याच दिवशी बटाट्यांची टोपली शेजारी देऊन टाकली.

पुढच्या वर्षी जून महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे इटलीला गेलो. ती उत्तरेकडे तुरिन शहरात नोकरी करते. तिच्या समोरच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. मूळच्या पान्तेल्लेरिया बेटावरच्या. १९५० आणि ६० च्या दशकांत दक्षिण इटलीतील असंख्य कुटुंबे तुरिनच्या मोटार कारखान्यांत कामाला आली, त्यांतलेच त्यांचे एक. आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाई झाकलेला काचेचा वाडगा घेऊन हजर. आत बटाटे! मी हात जोडून, मुलीमार्फत, मधुमेह असल्याचे सांगितले. बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "मला वीस वर्षांपासून आहे. बसा आणि खा."

ती होती 'इन्सालाता पान्तेस्का', म्हणजे पान्तेल्लेरियाची कोशिंबीर. (त्या बटाट्यांना 'पाताते' म्हणत होत्या. माझा 'बटाटे' हा शब्द ऐकून त्यांना मोठी गंमत वाटली. दोन्ही शब्द एकाच घरचे. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला.)

पान्तेल्लेरिया हे सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधले छोटेसे ज्वालामुखी बेट. इटलीच्या मालकीचे, पण सिसिलीपेक्षा आफ्रिकेला जवळ. क्षेत्रफळ ८३ चौरस किलोमीटरच्या आसपास. गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष इतके, की काळ्या लाव्हादगडांच्या जुन्या घरांची छपरे घुमटाकार बांधून पावसाचे पाणी टाक्यात उतरवतात. वारा असा की संत्र्या-लिंबाच्या एकेका झाडाभोवती उंच दगडी कोट उभारतात. समुद्राने वेढलेले असूनही तिथली माणसे कोळी कमी आणि शेतकरी जास्त. या कोरड्या जमिनीत जे पिकते तेच कोशिंबिरीत पडते: बटाटा, टोमॅटो, लाल कांदा, ऑलिव्ह आणि केपर.

केपर म्हणजे एका काटक झुडपाच्या न उमललेल्या कळ्या. मे ते ऑगस्टपर्यंत त्या हाताने खुडतात आणि जाड समुद्री मिठात मुरवतात. साधारण दहा दिवस रोज हलवायच्या, सुटलेले पाणी काढून टाकायचे, पुन्हा नवे मीठ घालायचे. कळी उमलली की किंमत गेली, म्हणून भर उन्हाळ्यात वाकून वाकून त्याच झुडपांवरून पुन्हा पुन्हा फिरावे लागते. बाईंनी लहानपणी हे काम केले होते. ते सांगताना त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला. पान्तेल्लेरियाच्या केपरला १९९६ पासून युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण आहे. चव खारट, आंबट, किंचित उग्र. आपल्या आषाढी द्वादशीला उपवास सोडताना जी वाघाटीची भाजी करतात, ती वाघाटी आणि हा केपर एकाच कुळातले. हे कळल्यावर सौभाग्यवतींनी तो परका पदार्थ निःशंकपणे चाखला!

आता कृती. चार माणसांसाठी ६०० ग्रॅम बटाटे घ्यावेत. नवे, पातळ सालीचे, शिजल्यावर आकार न सोडणारे. वड्यासाठी लागतो तसा भुसभुशीत बटाटा इथे नको. हिरवट पडलेला किंवा मोड फुटलेला तर मुळीच नको. त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढते आणि ते शिजवूनही नीट जात नाही. बटाटे सालासकट गार पाण्यात ठेवून वीस-पंचवीस मिनिटे उकडावेत. कुकर नको, शिट्टीने कडा फुटतात. सुरी सहज आरपार गेली की उपसावेत, कोमट असताना सोलून मोठ्या फोडी कराव्यात आणि त्यांवर लगेच चार चमचे व्हिनेगर शिंपडावे. गरम फोड आंबटपणा आत ओढून घेते. गार झाल्यावर तो वरच राहतो. मग पसरट भांड्यात गार करून, झाकून, रात्रभर फ्रीजमध्ये.

सकाळी एक लाल कांदा पातळ चिरून पाण्यात अर्धा तास बुडवावा, म्हणजे तिखटपणा उतरतो. पाव किलो घट्ट टोमॅटो, मूठभर काळे ऑलिव्ह (बिया काढून, नाहीतर दाताच्या डॉक्टरांकडे जावे लागेल), दोन चमचे केपर, चिमूटभर वाळलेला ओरेगॅनो आणि चार चमचे ऑलिव्ह तेल. सगळे हलक्या हाताने एकत्र करावे. मीठ चाखून मगच. बहुधा लागत नाही. केपर आधी धुऊन, तासभर पाण्यात ठेवून, पाणी दोनदा बदलून घ्यावेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी ही पायरी गाळू नये, नाहीतर साखर सांभाळता सांभाळता रक्तदाब चढायचा. तिकडे यात खारवलेला मासा किंवा उकडलेले अंडेही घालतात. बाईंनी ट्यूना मासा घातला होता. आमच्यासाठी वेगळा वाडगा केला.

आपल्या जिल्ह्याच्या बाजारात केपर मिळणार नाहीत. मोठ्या शहरात व्हिनेगरमधली बाटली मिळते. आणलेली पुडी संपल्यावर आम्ही खारवलेल्या कैरीचे अगदी बारीक तुकडे घातले. चव छान लागली, मात्र ती पान्तेल्लेरियाची कोशिंबीर राहिली नाही हे कबूल केले पाहिजे.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. बटाटा शिजला की त्यातला स्टार्च फुगून मोकळा होतो आणि लहान आतड्यात त्याची झटपट साखर बनते. तोच बटाटा थंड केला की स्टार्चचे काही धागे पुन्हा एकमेकांना घट्ट चिकटतात. हा भाग लहान आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातील जंतू त्यावर गुजराण करतात. (काहींना सुरुवातीला वात होतो, घाबरू नये.) व्हिनेगरमधले आम्लही साखरेची चढण मंदावते. स्वीडनमधील लुंड येथे १३ निरोगी व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरम बटाट्याच्या तुलनेत थंड करून व्हिनेगर व ऑलिव्ह तेल घातलेल्या बटाट्यानंतर रक्तातील साखर स्पष्टपणे कमी चढली. तेरा माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि तीही मधुमेही नव्हती. परत आल्यावर मी स्वतःवर करून पाहिले: दीडशे ग्रॅम गरम बटाट्यानंतर दोन तासांनी १९१, तेवढ्याच थंड कोशिंबिरीनंतर १६४. एका माणसाच्या दोन चाचण्यांना शास्त्र म्हणत नाहीत. म्हणून यावर विसंबून कोणीही गोळी कमी करू नये.

पण मला बाईंकडून जे खरे मिळाले ते हे नव्हे. त्यांच्या ओट्यावर एक छोटा वजनकाटा होता. कोशिंबीर वाढताना त्यांनी माझ्या ताटलीतले बटाटे तोलले आणि टेबलावरची पावाची टोपली उचलून आत नेली! म्हणाल्या, "आज बटाटा आहे, म्हणजे आज पाव नाही, पास्ता नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांच्या डॉक्टरांच्या हिशेबात बटाटा पावाच्या रांगेत बसतो. आपल्या ताटात तो भाजीच्या वाटीत बसतो, आणि मग त्याच्यासोबत तीन पोळ्या, वर वरणभात. दीडशे ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण तीस ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे दीड-दोन लहान पोळ्यांइतकी. पोळीशी बटाट्याची भाजी खाणे म्हणजे पोळीशी पोळी खाणे! इतकी साधी गोष्ट मी रुग्णांना कधी समजावली नव्हती; नुसते "बंद" म्हणून मोकळा होत होतो. बंद केलेली वस्तू एक तर चोरून खाल्ली जाते, नाहीतर गुरुजींसारखे होते.

एक-दोन सावधगिरीच्या सूचना. उकडलेला बटाटा ओट्यावर उघडा ठेवून "रात्री खाऊ" म्हणू नये. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे, आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एका तासात. दिवसभर वीज गेली असेल तर टाकून द्यावा, जीव अडकवू नये. फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेला बटाटा तसाच बाहेर ठेवणे तर फार घातक. १९९४ मध्ये अमेरिकेतील एल पासो येथे अशा बटाट्यांपासून केलेल्या पदार्थाने तीस जणांना बोट्युलिझम हा भयंकर आजार झाला होता. हवा न मिळणाऱ्या जागेत त्याचे जंतू फोफावतात आणि वासावरून काही कळत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र ही कोशिंबीर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. बटाटा आणि टोमॅटो दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते.

तुरिनहून आल्यावर मी गुरुजींना मुद्दाम बोलावून घेतले. त्यांची गोळी मी २०१९ मध्येच बदलली होती. आता पथ्याचा कागद नव्याने लिहिला. कोशिंबिरीची कृती ऐकून काकूंनी लगेच विचारले, "उपवासाला चालेल का हो?" कांदा चालणार नाही, व्हिनेगरचेही त्यांना पटेना. शेवटी दोघांनी मिळून ठरवले: थंड उकडलेला बटाटा, लिंबू, शेंगदाण्याचे थोडे तेल, भाजलेले दाणे, जिरे, हिरवी मिरची, आणि त्या दिवशी साबुदाणा नाही.

"किती घेऊ?" काकूंनी विचारले. मी दीडशे ग्रॅम म्हणालो. घरात काटा नव्हता. पुढच्या एकादशीला सकाळीच काकू नातवाला घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेल्या आणि उकडलेले दोन बटाटे दुकानदाराच्या काट्यावर ठेवले. ते भरले १७० ग्रॅम. वरचे वीस ग्रॅम नातवाने तिथेच खाल्ले.