कुमारवयातील एकांत

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे बंगळूरचे रहिवासी होते. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, २०१२ साली, त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या प्रकरणी २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगी जीवनाचे रक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

परंतु हा हक्क मुख्यतः शासनसंस्थेला मर्यादा घालतो. पंधरा वर्षांच्या मुलीची रोजनिशी तिच्या आईने चोरून वाचली, तर ती मुलगी सहसा कोणत्याही न्यायासनापुढे उभी राहत नाही. तेथे न्यायाधीश आईच, आणि प्रतिवादीही आईच!

१९८९ च्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ साली मान्यता दिली. मुलांच्या खासगी जीवनात मनमानी ढवळाढवळ होऊ नये, असे तिचे सोळावे कलम सांगते. तर पालकांचे मार्गदर्शन मुलांच्या वाढत्या समजशक्तीला अनुरूप असावे, असे पाचवे. विदा-संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालकच मानतो. घराला मात्र अशी एकच मोजपट्टी लावून चालत नाही. सात वर्षांच्या मुलाचे दप्तर आईने आवरणे ही माया होय. सतरा वर्षांच्या मुलाचे दप्तर त्याच्यामागे तपासणे हा अविश्वास होय.

मग धोक्याचे काय? मोबाइलवरून अनोळखी माणूस मुलीला धमकावू लागला, तर वडिलांनी स्वस्थ बसावे काय? मुळीच नव्हे. मात्र देखरेख आणि हेरगिरी यांत भेद आहे. रात्री मोबाइल कोठे ठेवावा, कोणत्या प्रसंगी तो पाहिला जाईल, हे नियम आधी सांगून, मुलांचे म्हणणे ऐकून ठरवावेत. जीविताला किंवा अब्रूला धोका दिसला, तर अवश्य हस्तक्षेप करावा. पण तो तिला सांगून, उघडपणे.

कारण चोरून पाहणाऱ्या घरात मूल प्रामाणिक होत नाही, लपविण्यात तरबेज होते. आणि खऱ्या संकटाच्या वेळी आईबापांकडे येण्याऐवजी त्यांच्यापासूनच दूर पळते. दोन खोल्यांच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देता येत नाही, हे खरे. पण एक कुलपाचा खण देता येतो, दार वाजवून आत जाता येते, आणि तिच्या नावाचे पाकीट न फोडता तिच्या हाती देता येते.