पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी बसते

तारकर्ली-देवबागपासून मुरूड-काशीदपर्यंत, आणि खाली गोव्यातही, पर्यटकांना फिरवणाऱ्या कितीतरी होड्यांच्या मागे पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड इंजिन असतं. ते चालवणारी माणसं वारा-भरती अंगात मुरलेली, इंजिन खोलून पुन्हा जोडणारी. तरीही टाकी, नळी आणि फिल्टर यांच्याविषयीच्या काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. बहुतेक रस्त्यावरच्या गाडीवरून आलेल्या आहेत, आणि घात होतो तो तिथेच.

सगळ्यात घातक समजूत अशी, की समुद्रावर वारा असतो, थोडं पेट्रोल सांडलं तर उडून जाईल. 'काय होना नाय.' पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गाडीखाली पेट्रोल ठिबकलं तर वाफेला चारी बाजूंनी वाट मिळते. होडी मात्र परातीसारखी, तळ बंद आणि कडा वर. वाफ फळ्यांखाली, बाकाखालच्या कप्प्यात, बॅटरीच्या शेजारी जाऊन बसते आणि वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं, की एक ठिणगी पुरते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. मे महिन्यातल्या कोकणाची गोष्टच सोडा.

म्हणून पेट्रोल इंजिन होडीच्या पोटात असेल, तर ते सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं ब्लोअर चालवायचा असतो. पण ब्लोअर फिरला म्हणजे वाफ गेली, हेही खरं नाही. पाइप तुटलेला असेल, तर तो नुसता आवाज करतो. झाकण उघडून, खाली वाकून वास घ्यावा. वास आला तर किल्ली फिरवायची नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही. माणसं आधी उतरवायची.

पेट्रोल भरताना घाई होते, कारण पर्यटक लाइफजॅकेट घालून बसलेले असतात. ते होडीत असताना पेट्रोल भरूच नये. सुटी टाकी 'दोन मिनिटांचं काम' म्हणून होडीतच भरली जाते. ती उचलून जेटीवर, जमिनीला टेकवून ठेवावी. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज तयार होते, त्यामुळे नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेलं असावं. वरून धार सोडू नये. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नये. पंचवीस लीटर गार पेट्रोल उन्हात वीस अंशांनी तापलं, की सुमारे अर्ध्या लीटरने फुगतं. त्याला जागा नसेल, तर ते झाकणातून बाहेर येणार आणि तळाशीच जाणार.

सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. खारं पाणी आत जाईल या भीतीने काहीजण तो कायम आवळून ठेवतात. मग होडी खाडीच्या तोंडाशी पोचते आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. प्लग काढून पुसले जातात, कार्बोरेटरला शिव्या बसतात. नळीवरचा रबरी बल्ब चपटा होऊन आत ओढला गेलेला असतो, तिकडे कुणी बघत नाही. टाकीत हवा जात नाही, म्हणून पेट्रोल पुढे येत नाही, एवढंच. इंजिन चालू असताना स्क्रू उघडा, टाकी उचलून नेताना बंद. पण उन्हात बंद टाकीत दाब चढतो आणि तो पेट्रोलला नळीतून इंजिनात ढकलतो. म्हणून काम संपलं की नळी टाकीपासून सोडवावी. बल्बवरचा बाण नेहमी इंजिनाकडे हवा.

आता इथेनॉल. 'गाडीत चालतं ते होडीत चालणारच' हा हिशेब आता तपासून घ्यायला हवा. आपल्या पंपांवर आज वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्डच्या माहितीपुस्तिकांत मात्र मर्यादा दहा टक्क्यांची असते. आपल्या इंजिनाची मर्यादा विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. इथेनॉल पाणी ओढतं, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाण्याला तोटा नाही. थोडं पाणी ते सामावून घेतं, म्हणून काहींना वाटतं की टाकी आपोआप कोरडी होते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी थर धरतात. नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. टू-स्ट्रोक इंजिनात हे जास्त महागात पडतं, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालच्या थरावर चाललेलं इंजिन कोरडंच घासतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा. तो काढाल तेव्हा आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर टाकीतलं पेट्रोल वापरण्याजोगं उरलेलं नाही.

ऑइलचंही तसंच. मोटारसायकलचं टू-टी होडीला चालत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू-थ्री दर्जाचं लागतं. पन्नासास एक प्रमाण दिलं असेल, तर पंचवीस लीटरला अर्धा लीटर. 'थोडं जास्त बरं' म्हणून वाढवलं, तर प्लगवर काजळी धरते.

होडीच्या पोटातल्या पेट्रोल इंजिनाला गॅरेजमधून आणलेला गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवणं, ही बचत मला अजिबात पटत नाही. दोन्ही दिसायला सारखे. पण होडीसाठी बनवलेल्याची ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकत नाही, अशी त्याची बांधणी असते. गाडीच्या भागात ती सोय नसते, कारण गाडीला तिची गरज नसते. नळीही साधी पारदर्शक प्लास्टिकची नको. वाकवून बघताना भेगा दिसल्या किंवा पुसलेल्या फडक्याला पेट्रोलचा वास आला, तर ती बदलायची.

आग लागलीच, तर भोवती एवढं पाणी आहे म्हणून बादली उचलू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते पाण्यावर तरंगत, जळत होडीभर पसरतं. त्यासाठी एबीसी पावडरचं अग्निशामक लागतं. ते इंजिनाच्या किंवा टाकीच्या शेजारी नव्हे, तर चालवणाऱ्याच्या हाताशी अडकवलेलं असावं, म्हणजे ते घेण्यासाठी ज्वाळांमधून हात घालावा लागणार नाही.