कागदाएवढ्या हाडाचा आराखडा

डोळ्याची खोबण सात हाडांची. बाहेरची कड दणकट, पण तळाचं हाड जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि नाकाकडची भिंत त्याहूनही पातळ, कागदासारखी. डोळ्यावर बुक्की किंवा चेंडू बसला की हा तळ फुटतो आणि खोबणीतली चरबी, कधी स्नायूही, खालच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, उतरतात. दृष्टी बहुतेकदा वाचते, पण एकाचे दोन दिसू लागतात आणि गाल बधिर होतो. सूज ओसरली की डोळा आत गेल्याचं लक्षात येतं. सगळी खोबण साधारण 30 मिलिलिटरची. तिच्यात एक मिलिलिटर जागा वाढली तर डोळा जवळपास एक मिलिमीटर मागे सरकतो, आणि दोन मिलिमीटरचा फरक समोरच्याच्या नजरेत भरतो.

ही जागा परत मोजून-मापून बंद कशी करतात, ते पाहायला मी पुण्यातल्या एका मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनच्या केबिनमध्ये बसलो होतो. रुग्ण मोटारसायकलवरून पडलेला, डाव्या खोबणीचा तळ आणि आतली भिंत दोन्ही गेलेल्या. लॅपटॉपवर बायोमेडिकल इंजिनिअर मुलगी, मागे खुर्चीत डॉक्टर. सीटीचे काप मिलिमीटरपेक्षा पातळ घेतलेले होते. सॉफ्टवेअरला ‘एवढ्या घनतेच्या वरचं ते हाड’ असं सांगितलं की चेहऱ्याची कवटी पडद्यावर उभी राहते. गंमत अशी की न मोडलेल्या उजव्या तळालाही तिथे भोकं दिसतात. हाड इतकं पातळ असतं की स्कॅनच्या एकेका ठिपक्यात हाड आणि शेजारची हवा मिसळून सरासरी निघते आणि ती ठरवलेल्या घनतेखाली जाते. ही भोकं यंत्र आपणहून नीट बुजवत नाही. मुलगी एकेक काप उघडून माउसने हाडाची रेघ पुरी करत होती. मध्येच थांबायची, आडवा काप सोडून उभा बघायची, आधी काढलेलं पुसायची. ‘कॉम्प्युटरने बनवलेलं इम्प्लांट’ म्हणताना हे हातकाम कुणी सांगत नाही.

मग उजवी खोबण आरशातल्यासारखी उलटवून डाव्या बाजूवर बसवली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात, म्हणून शाबूत राहिलेल्या कडेशी जुळवून ती थोडी सरकवावी लागते. इथे तळाचा खरा आकार कळतो. पुढे तो खोलगट असतो, पण डोळ्याच्या मागे नाकाच्या बाजूला वर चढतो. हा चढ डोळ्याला मागून आधार देतो. तो चुकवून सपाट प्लेट टाकली, तर भोक बुजतं आणि डोळा आतच राहतो.

आराखड्यावर खरी घासाघीस मागच्या टोकावरून झाली.

“सर, मागे अजून दोन मिलिमीटर नेऊ?”

“नको गं. मागचा हाडाचा टेकू मिळालाय ना, तिथेच थांब. पुढे नर्व्ह आहे.”

टेकूवर पोचली नाही तर प्लेट सायनसमध्ये झुकते. फार मागे गेली तर दृष्टीच्या नसेला धोका. डॉक्टरांनी कडा गोल करायला लावल्या, कारण धारदार कडेत चरबी अडकते. प्लेटला जाळी ठेवली, कारण आत रक्त साचलं तर दाब वाढून नजर जाऊ शकते. आणि शेवटी विचारलं, “ही आत जाणार कुठून?” खालच्या पापणीच्या आतल्या बाजूने चीर घेतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण पडद्यावर प्लेट हवेतून तरंगत जागेवर बसते आणि ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, वाटेत चरबी येते. म्हणून प्लेटची रुंदी थोडी कमी केली.

पुढचं काम कारखान्याचं. टायटॅनियमची पूड थरावर थर लेझरने वितळवून प्लेट तयार होते. त्याला वेळ लागतो आणि पैसाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी उलटवलेल्या खोबणीचं नुसतं प्लास्टिकचं मॉडेल छापतात, तयार जाळी त्यावर वाकवतात आणि निर्जंतुक करून वापरतात. छोट्या फ्रॅक्चरला मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटला. खास प्लेटचा खर्च जिथे टेकूच उरलेला नसतो तिथे सार्थकी लागतो. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गामुळे महाराष्ट्रात कितीतरी रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा खोबणीचा तळही त्याच्याबरोबर गेला. तिथे तयार जाळी कशावर टेकवणार?

ओटीत मात्र शेवटची परीक्षा साधी असते. भूल दिलेल्या रुग्णाचा डोळा चिमट्याने धरून वर-खाली फिरवून पाहतात, प्लेट घालण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा. डोळा अडला, तर आराखडा कितीही सुरेख असो, प्लेट उचलून खाली काय सापडलंय ते बघावं लागतं. त्यानंतरही दोन-दोन दिसणं जायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

आराखड्याचं आणि प्लेट बनवण्याचं हे सगळं काम सूज ओसरायची वाट पाहण्याच्या दिवसांत बसतं. लहान मुलांना तेवढा वेळ नसतो. त्यांचं हाड लवचिक, ते फुटून झाकणासारखं परत मिटतं आणि स्नायू फटीत पकडला जातो. डोळा ना लाल, ना सुजलेला, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. उलट्या होतात आणि नाडी मंदावते, तेव्हा डोक्याला मार लागल्याचा संशय घेतला जातो. इकडे अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटत असतो. तेव्हा चेंडू लागलेल्या मुलाला वर बघता येत नसेल आणि उलट्या होत असतील, तर डोळा पांढराशुभ्र दिसला तरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि डोळ्याच्या खोबणीचा सीटी करायला सांगा.