चांद्याचे गोंड राज्य
चांद्याचे गोंड राज्य : विदर्भातील एक ऐतिहासिक राज्य. विद्यमान चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा बराचसा प्रदेश त्यात मोडत असे. शिरपूर, बल्लारपूर व चंद्रपूर (चांदा) या त्याच्या अनुक्रमे राजधान्या होत. खांडक्या बल्लाळशाहने चंद्रपूर वसविले, अशी परंपरा आहे. आईन-इ-अकबरीत येथील बाबाजी राजाचे घोडदळ १,००० व पायदळ ४०,००० असल्याचा उल्लेख आढळतो. पूर्वेकडील अरण्यप्रदेशात अहेरीसारख्या जमीनदाऱ्या होत्या. जमीनदार प्रसंगी राजास सैन्य पुरवीत.

जपानमध्ये ११९२ पासून शोगुन या लष्करी अधिपतींनी सत्ता बळकावली, तथापि सम्राटपद १८६८ पर्यंत नामधारी का होईना, टिकून राहिले. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनीही देवगडच्या गोंड राजास नामधारी ठेवून त्याच्या नावे कारभार चालविला. चांद्यास मात्र त्यांनी १७५१ मध्ये नीलकंठशाहला बंदिवासात टाकून राज्यच खालसा केले. गादी संपली, तरी जमीनदाऱ्या राहिल्या. यांपैकी मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला; त्यांना त्याच वर्षी चांद्यास फाशी देण्यात आली. १९५१ मध्ये जमीनदारी पद्धत कायद्याने रद्द होऊन जुन्या राज्यव्यवस्थेचा हा अखेरचा अवशेषही लोपला.