कलेजीतली कात्री

लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यातले काही जिवाणू प्रथिनं कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. तशाच कात्र्या आपल्या यकृतातही चालतात. (मटणाच्या दुकानात मागतो ती कलेजी म्हणजे यकृतच, ‘काळजाला भिडलं’ म्हणताना मात्र हात छातीवर जातो.)

या कात्र्यांचं काम दिसतं ते यकृत पुन्हा वाढताना. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला. आठवड्या-दीड आठवड्यात यकृत जवळपास मूळ वजनाला पोचलं. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही, उरलेलाच वाढतो.

पेशींभोवतीच्या जाळ्यात एचजीएफ हा वाढ-घटक निष्क्रिय रूपात साठवलेला असतो, पेवातल्या ज्वारीसारखा. इजा झाली, की युरोकायनेजसारखी विकरं जाळं सैल करतात आणि त्या घटकाच्या साखळीला नेमक्या जागी छेद देतात. मग तो पेशींवरच्या ‘मेट’ ग्राहीला चिकटतो नि एरवी निवांत असलेल्या पेशी विभागू लागतात. पुरेसं झालं की आवर घालणाऱ्यांत टीजीएफ-बीटा हा दुसरा घटक असतो. दारू किंवा हिपॅटायटिस बी, सी वर्षानुवर्षं घाव घालत राहिले, तर पेशींऐवजी व्रणाचे तंतू माजतात. आणि त्या कामातही हाच टीजीएफ-बीटा पुढे!