बॉक्सने मांडलेला हिशेब

हडकोतल्या टीव्ही सेंटर चौकापासून जवळच्याच एका गल्लीत पावसाळ्यातली नेहमीची तक्रार: "चित्र फुटतंय." केबलचा लाइनमन टीव्हीकडे बघतही नाही. सेट-टॉप बॉक्समागची वायर काढून आधी सिग्नल मोजणाऱ्या डीबी मीटरला लावतो. आकडा कमी आला की गच्ची गाठायची. घराघरांत वायर वाटणाऱ्या टॅपवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. जुना कनेक्टर कापायचा, काळं आवरण सोलायचं, जाळी मागे वळवायची, मधली तार मोकळी करून नवा कनेक्टर दाबून बसवायचा. मीटरवर आकडा चढतो.

पूर्वी सिग्नल मंदावला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मालिका चुकत नव्हती. आता चित्र एक तर स्वच्छ, नाहीतर चौकोनी ठिकऱ्या.

हा बदल कायद्याने घडवला. १९९५च्या केबल कायद्यात २०११मध्ये दुरुस्ती झाली आणि डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत हे शहर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, होतं. मुदत ३१ मार्च २०१३.

८ मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात एक वाहिनी मावायची, त्यात आता दहाहून अधिक बसतात. उपग्रहावरून मोठ्या डिशवर उतरलेल्या वाहिन्या हेडएंडमध्ये, म्हणजे केबलच्या मुख्य केंद्रात, एकत्र होतात, कुलूपबंद होतात आणि फायबरने निघतात. वस्तीतल्या नोडमध्ये प्रकाशाचा पुन्हा विद्युत सिग्नल होतो. पुढे अ‍ॅम्प्लिफायर, टॅप, घर. किल्ली बॉक्समधल्या कार्डात किंवा सॉफ्टवेअरमध्ये असते. रिचार्ज संपला की वायर कापायला कुणी येत नाही; हेडएंडवरूनच बॉक्स बंद होतो.

खरी उलथापालथ चित्रात नव्हे, हिशेबात झाली. आधी जोडण्या किती हे केबलचालक सांगेल तेवढंच. वाहिन्यांचे पैसे आणि करमणूक कर त्याच आकड्यावर. बॉक्स आल्यावर प्रत्येक घर यंत्रणेत मोजलं गेलं. २०१७मध्ये राज्याचा करमणूक कर जीएसटीत विरला.

नियमन मात्र अनेक हातांत आहे. दर दूरसंचार नियामक ट्रायच्या कक्षेत. नियम मोडले तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यंत्रसामग्री जप्त करू शकतात. केबलचालकाची नोंदणी वर्षानुवर्षं मुख्य डाकघरात व्हायची. जानेवारी २०२५पासून ती ऑनलाइन, पाच वर्षांसाठी होते.

फेब्रुवारी २०१९पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि ग्राहक ती सुटी घेऊ शकतो. तरी बहुतेक घरांत केबलवाल्याने दिलेलं पॅकेजच चालू राहतं. पुढच्या रिचार्जआधी त्यातल्या वाहिन्यांची यादी दरासह मागून घ्या आणि जे बघत नाही ते काढायला सांगा.